क्लचचं काम झालं, अन् रिव्हर्स पडेना: दोष शोधायचा कुठे?

कापूस-सोयाबीन विकून हातात पैसा आला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावी गॅरेजांत गाड्यांची रांग लागते. वर्षभर ढकलत आणलेली कामं तेव्हाच निघतात. क्लच, सस्पेन्शन, इंजिनाचं माउंटिंग, जमलंच तर थोडं डेंटिंग-पेंटिंग. लग्नसराईच्या आत गाडी धडधाकट हवी असते. आणि आठवडा उलटत नाही तोच त्यातलीच काही माणसं पुन्हा गॅरेजच्या दारात उभी असतात. "भाऊ, गाडी त सुदी होती. इथून नेली अन् आता गिअरच पडून नाही राह्यला."

यावर दोन उत्तरं ठरलेली. एक, "नवीन प्लेट हाय, चालवा चार-पाचशे किलोमीटर, बसून जाईन." दुसरं, "गिअरबॉक्स खोलाच लागते भाऊ." पहिल्यात दिवस जातात, दुसऱ्यात पैसा जातो. तपासणी मात्र दोन्हींत होत नाही. खरं तर यातली निम्मी तपासणी गाडीच्या मालकालाच करता येते, तीही पाना हातात न घेता.

दुरुस्तीनंतर अचानक सुरू झालेला गिअरचा त्रास बहुतेकदा गिअरबॉक्सच्या पोटात नसतो. तो असतो पेडलपासून आणि गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या वाटेवर, आणि त्यातही जिथे हात लागलाय तिथे. म्हणून खोलाखोलीच्या आधी ही वाट तपासायची. कशी, ते पाहू.

## गिअर टाकतो तेव्हा आत काय घडतं

इंजिन फिरलं की त्याला जोडलेलं जड चाक फिरतं, ते फ्लायव्हील. त्याला खेटून क्लच प्लेट असते आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते प्रेशर प्लेट. ही क्लच प्लेट गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर बसलेली असते. त्यामुळे पाय उचललेला असताना इंजिन आणि गिअरबॉक्सचा हा शाफ्ट एकजीव फिरतात.

पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटच्या मधल्या पोलादी पट्ट्या दाबतं आणि प्लेटवरची पकड सुटते. या पट्ट्यांना मिस्त्री 'फिंगर' म्हणतात. आता इंजिन आपलं फिरतंय, पण शाफ्टला ओढत नाही. गिअर बदलायची वेळ हीच.

गिअरबॉक्समध्ये पुढचे सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. दांडा हलवून आपण त्यातला एक शाफ्टला पक्का करतो, एवढंच. पण पक्का करण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो, आणि ते काम करते बहुधा पितळेची असलेली सिंक्रो रिंग. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी दोन-चार पावलं एसटीसोबत धावतो आणि मगच पायरीवर पाय ठेवतो. सिंक्रो तेच करते. एसटीवाला मध्येच रेस देत राहिला तर तो माणूस कितीही धावला तरी चढायचा नाही. क्लच पूर्ण सुटला नाही की सिंक्रोची गत तशी होते. इंजिन शाफ्टला ओढतच राहतं, वेग जुळत नाही, आणि दांडा हाताला अडतो.

बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसते. त्यामुळे क्लच जरा जरी अडकत असला तरी पहिली खरखर रिव्हर्सलाच ऐकू येते. "बाकीचे पडतात, रिव्हर्सच पडत नाही" असं म्हणत लोक येतात आणि रिव्हर्सचा गिअर गेला असं धरून चालतात. बहुतेक वेळा तो बिचारा शाबूत असतो.

याच्या उलटाही एक त्रास आहे, क्लच घसरणं. त्यात गिअर लोण्यासारखे पडतात, पण रेस दिली की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी ओढत नाही. चिखलदऱ्याचा घाट चढताना किंवा मालाने भरलेला पिकअप उठवताना हे लगेच कळतं, जळका वासही येतो. सुटत नाही आणि धरत नाही, हे दोन त्रास एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मिस्त्रीला नुसतं "क्लचचा प्रॉब्लेम आहे" न सांगता यातला कोणता आहे ते सांगितलं तरी त्याचं अर्धं काम होतं.

## पहिली परीक्षा: इंजिन बंद ठेवून

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, क्लच पूर्ण दाबा आणि एकेक गिअर टाकून पाहा. एखादा गिअर पहिल्या झटक्यात गेला नाही तर गाडी वीतभर पुढेमागे ढकलून पुन्हा टाका. आतले दात कधीकधी समोरासमोर येऊन थांबतात, तो दोष नाही.

आता गाडी न्यूट्रलमध्ये आणून इंजिन सुरू करा. क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद तसाच धरून ठेवा आणि हळूच रिव्हर्स टाका. एवढा वेळ थांबायचं कारण असं की क्लच सुटल्यावरही शाफ्ट स्वतःच्या गतीने थोडा फिरत राहतो, त्याला थांबू द्यायचं. त्यानंतरही खरखर झाली तर शाफ्टला कुणीतरी अजून ओढतंय.

शंका राहिली तर आणखी एक करता येतं. मोकळ्या मैदानात, पुढे-मागे माणूस, जनावर, भिंत काही नसताना, हँडब्रेक लावून, बंद गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबा आणि स्टार्टर मारा. गाडीने पुढे झेप घेतली किंवा ओढ खाल्ली, तर क्लच सुटत नाही हे पक्कं झालं.

या परीक्षेतून वाट दोन फाट्यांना फुटते. इंजिन बंद असताना गिअर मऊ आणि चालू असताना कडक, तर दोष क्लचच्या बाजूला. दोन्ही वेळा कडक, तर दोष दांड्याच्या बाजूला, म्हणजे केबल, लिंकेज (दांडा ते गिअरबॉक्समधले जोड) किंवा गिअर ऑइल. एवढं कळेपर्यंत गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणू नका.

## क्लच सुटत नाही: आधी पायाशी पाहा

सगळ्यात आधी पेडलखालचं मॅट उचला. हसू येईल, पण सीट कव्हरच्या दुकानात हल्ली जाड मॅटिंग टाकून देतात आणि त्यावर वेगळं रबरी मॅट. पेडल खालपर्यंत जातंय असं पायाला वाटतं, प्रत्यक्षात ते बोटभर आधीच टेकतं. क्लचची पकड सुटायची असते ती नेमकी शेवटच्या टप्प्यात. मॅट काढून रिव्हर्स टाकून पाहायला एक मिनिट लागतं.

त्यानंतर केबल. जुन्या मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या गाड्यांत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत तारेची केबल असते आणि तिच्या टोकाला, गिअरबॉक्सवरच्या आर्मजवळ, ॲडजस्टिंगचा नट असतो. इथे होतं असं: प्लेट झिजत जाते तसा पेडलचा मोकळा खेळ कमी होतो, म्हणून मिस्त्री वेळोवेळी नट ढिला करत आलेला असतो. मग नवी जाड प्लेट बसते, पण नट राहतो जुन्या झिजलेल्या प्लेटच्या मापावर. परिणामी पेडलचा बराचसा प्रवास नुसता रिकामा जातो आणि शेवटी क्लच अर्धवटच सुटतो. बोटाने पेडल दाबून पाहा. किती अंतर हलकं जातं आणि कुठून जड लागतं? गाडीनुसार एक ते अडीच सेंटिमीटर खेळ ठीक म्हणायचा, नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं. खेळ फारच जास्त असेल तर नटाच्या काही फेऱ्यांत काम होतं. पण उत्साहात खेळ शून्यावर आणू नये. मग बेअरिंग सतत फिंगरवर दाबलेलं राहतं, क्लच घसरतो आणि नवीन प्लेट अवेळी जळते.

केबल नसेल तर क्लच हायड्रॉलिक आहे. पेडलजवळ मास्टर सिलेंडर, गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलेंडर, मध्ये पाइप, आणि आत ब्रेक ऑइल. पेडलने रेटलेलं ऑइल पलीकडे पिस्टन ढकलतं. गिअरबॉक्स उतरवताना पाइप सोडला असेल तर आत हवा शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. त्यामुळे पायाचा जोर त्या हवेच्या बुडबुड्यातच जिरतो.

ओळखायचं कसं? पेडल भराभर तीन-चार वेळा दाबा आणि लगेच गिअर टाका. एरवी अडणारा गिअर आता सहज पडला, तर हवा आहे किंवा सील गळतंय. एक माणूस पेडलवर आणि एक जण खाली निपलवर, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या तोटीवर, असं करून एअर काढतात. निपलला पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत धीर धरणारा हेल्पर असेल तर हे काम नीट होतं.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतून ऑइल घेतात. डबीतली पातळी उतरत असेल तर तो फक्त गिअरचा प्रश्न राहत नाही. अशी गाडी चालवू नका, आधी गळती शोधा. आणि त्या डबीत ब्रेक ऑइलच गेलं पाहिजे, झाकणावर लिहिलेल्या डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचं. घाईत कुणी इंजिन ऑइल ओतलं तर रबरी सील फुगतात आणि क्लचसोबत ब्रेकही जातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे गॅरेजच्या फळीवर वर्षभर उघडी पडलेली बाटलीही नको.

## "नवीन क्लच टाकला, मग जुना सिलेंडर आत्ताच कसा गेला?"

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त भांडणं या प्रश्नावर होतात. मालकाला वाटतं मिस्त्रीने बिघडवलं, मिस्त्रीला वाटतं मालक उगाच आळ घेतोय. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात.

स्लेव्ह सिलेंडरमधला पिस्टन वर्षानुवर्षं एका ठरावीक पट्ट्यात पुढेमागे होत असतो. प्लेट झिजते तसा तो पट्टा हळूहळू सरकतो. जिथे पिस्टन फिरत नाही तिथे गाळ साचतो, गंज धरतो. नवी प्लेट बसली की फिंगरची जागा बदलते आणि पिस्टन एकदम सिलेंडरच्या वेगळ्या भागात चालायला लागतो. म्हाताऱ्या रबरी सीलची धार त्या खरबरीत भागावर घासते आणि दोन-चार दिवसांत सिलेंडर पाझरायला लागतो. म्हणजे सिलेंडर मिस्त्रीने बिघडवला नाही हे खरं, आणि क्लच बदलल्यामुळेच तो गेला हेही खरं.

म्हणून गाडी जुनी असेल तर क्लचच्या कामातच सिलेंडरचं रबर किट बदलून घेणं परवडतं. काही गाड्यांत हा स्लेव्ह गिअरबॉक्सच्या घरातच, रिलीज बेअरिंगसोबत बसवलेला असतो. तिथे तर कुरकुर न करता बदलूनच घ्यावा, कारण नंतर तो गळला तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही.

## बाहेर सगळं ठीक, तरीही सुटत नाही

मॅट नाही, केबल नाही, हवा नाही, सिलेंडर कोरडा. मग दोष आत आहे, आणि इथे मात्र बसवणाऱ्याचा हात बघावा लागतो.

क्लच प्लेटला पुढची आणि मागची बाजू असते. मधला फुगीर भाग कुठल्या तोंडाला यायला हवा हे ठरलेलं असतं, बऱ्याच प्लेटांवर छापलेलंही असतं. उलटी बसली की ती फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासते किंवा पूर्ण सुटत नाही. दुसरा प्रकार जास्त घडतो. तालुक्याच्या गॅरेजमध्ये रॅम्प नसतो. गाडी जॅकवर, मिस्त्री खाली पाठीवर, हेल्पर बाजूने, आणि गिअरबॉक्सचं वजन हातांवर. शाफ्ट प्लेटच्या छिद्रात शिरलाय, पण बोल्ट अजून लागले नाहीत, अशा वेळी गिअरबॉक्सचं ओझं क्षणभर जरी प्लेटवर लटकलं तरी प्लेट वाकते. डोळ्यांना दिसणार नाही इतकीच, पण वाकलेली प्लेट फिरताना एका बाजूने टेकत राहते. क्लच सुटत नाही. यात मिस्त्रीची बेफिकिरी कमी आणि साधनांची टंचाई जास्त असते, असं माझं मत आहे. उतरवायला-चढवायला गिअरबॉक्सचा जॅक असलेलं गॅरेज पंधरा-वीस किलोमीटर लांब असलं तरी क्लचसाठी तिथेच जावं.

शाफ्टवरच्या खाचांना ग्रीस लावतात, तेही बेताने. जास्त झालं तर उडून लायनरवर, म्हणजे प्लेटच्या घासणाऱ्या थरावर, जातं आणि गाडी उठताना थरथरते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जुळणीच्या दोन छोट्या पोकळ पिना असतात. त्यातली एखादी हरवली तर बोल्ट घट्ट बसूनही दोन्ही घरं एका रेषेत येत नाहीत. आणि बोलेरो, सुमोसारख्या मागच्या चाकांना ओढ असणाऱ्या गाड्यांत शाफ्टचं टोक इंजिनाच्या बाजूला एका लहान बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं, त्याला पायलट बेअरिंग म्हणतात. ते जाम झालं की क्लच शंभर टक्के सुटला तरी शाफ्ट इंजिनासोबत फिरतच राहतो. वस्तू छोटी आणि स्वस्त, पण क्लच टाकताना तिच्याकडे कुणी बघत नाही.

आवाजावरून थोडा अंदाज येतो. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. न्यूट्रलमध्ये पाय काढला असताना आवाज येतो आणि पेडल दाबलं की थांबतो, असं असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ऐका.

## इंजिन बंद असतानाही दांडा कडक

आता दुसरा फाटा. बऱ्याच गाड्यांत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक दांड्याची डावी-उजवी चाल पोहोचवते, म्हणजे कोणत्या ओळीत जायचं ते. दुसरी पुढची-मागची चाल पोहोचवते, म्हणजे त्या ओळीतला कोणता गिअर ते. गिअरबॉक्स उतरवताना दोन्ही काढाव्या लागतात. परत लावताना प्लास्टिकचं बुश तडकतं, क्लिप अर्धी बसते किंवा केबलची लांबी एखाद्या सुताने चुकते.

इथे कोणते गिअर पडतात आणि कोणते नाहीत, हे एका कागदावर लिहून काढा. पाच गिअरच्या गाडीत साधारण पहिला-दुसरा एका ओळीत, तिसरा-चौथा दुसऱ्या आणि पाचवा-रिव्हर्स तिसऱ्या ओळीत असतात. काही गाड्यांत रिव्हर्स वेगळीकडे असतो, दांड्यावरचा नकाशा पाहून घ्या. तिसरा-चौथा मिळतोय पण पहिला-दुसरा ही अख्खी ओळच सापडत नाही, तर दांड्याच्या डाव्या-उजव्या चालीच्या केबलची सेटिंग चुकली आहे. ओळ सापडते पण पुढच्या बाजूचे गिअर अर्धवट बसून सुटतात आणि मागचे पक्के बसतात, तर पुढे-मागे चालीच्या केबलची लांबी पाहायची. याउलट चालत्या गाडीत एकटा तिसराच गिअर खरखरतो, बाकी सगळे मऊ, तर तिसऱ्याची सिंक्रो झिजली आहे. ती एका दुरुस्तीत झिजत नाही. तो आधीचा आजार आहे आणि त्याचं खापर मिस्त्रीवर फोडण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे काळी माती. पावसाळ्यात पांदणीतून गाडी नेली की चिखल गिअरबॉक्सवरच्या बाहेरच्या आर्मवर आणि केबलच्या टोकांवर बसतो आणि वाळून सिमेंट होतो. रिलीज बेअरिंगला ढकलणाऱ्या क्लचच्या फोर्कला एक रबरी बूट असतो. कामानंतर तो पुन्हा न बसवता सोडून दिला, तर माती थेट क्लचच्या घरात जाते. गाडीखाली वाकून, टॉर्च मारून एवढं तरी बघावं. पाण्याची जोरदार धार आणि थोडं ग्रीस यावर सुटलेली प्रकरणं कमी नाहीत.

## नव्वद नंबरचा डबा

पुढच्या चाकांना ओढ असणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट दुरुस्तीत बाहेर काढला, तर गिअर ऑइल सांडतं. ते पुन्हा किती भरलं आणि कोणतं भरलं, हे बिलात क्वचितच दिसतं. गॅरेजमध्ये सर्रास "नव्वद नंबर" मागवतात. तो घट्टपणाचा आकडा आहे. मागच्या एक्सलला असं घट्ट ऑइल चालतं, कित्येकदा तेच लागतं. पण आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-८० सारखं पातळ ऑइल सांगितलेलं असतं. त्यात नव्वद भरलं की डिसेंबरच्या सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर दांडा दगडासारखा लागतो आणि गाडी तापली की सुधारतो. सकाळी कडक, दुपारी मऊ हे जाड ऑइलचं लक्षण. गार असताना बरा आणि तापल्यावर बिघडतो, तर संशय पुन्हा क्लचकडे.

डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असंही लिहिलेलं असतं. ५ हा ४ पेक्षा मोठा, म्हणून चांगला, असं नाही. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं एक्सलच्या दातांवरच्या प्रचंड दाबासाठी जास्त प्रमाणात घातलेली असतात. त्यातली काही पितळेला मानवत नाहीत, शिवाय सिंक्रोला जी थोडी पकड लागते तीही कमी होते. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४ च घाला.

पातळी बघायची तर गाडी सपाट उभी हवी, बाजूचा प्लग उघडायचा आणि ऑइल प्लगच्या काठाशी आलेलं हवं. एका बाजूने जॅकवर चढवलेल्या गाडीत भरलेलं ऑइल हमखास चुकीचं निघतं.

## "चालवा, बसून जाईल" हे कधी खरं?

नव्या प्लेटचं लायनर फ्लायव्हीलवर पूर्ण बसायला काही शे किलोमीटर लागतात, हे खरं. तोवर गाडी उठताना थोडी थरथर, किंवा पेडलचं धरण्याचं ठिकाण थोडं सरकणं, एवढं चालवून घ्या. या काळात जड ओझं ओढू नका, चढावर क्लचवर गाडी तोलून धरू नका.

पण रिव्हर्सची खरखर, दांडा अडणं, गिअर आपोआप सुटणं यातलं काहीही चालवून बसत नाही. रोज खरखरवत गिअर टाकला तर दातांची टोकं झडतात, आणि जो दोष केबलच्या नटापुरता होता तो खरोखरच गिअरबॉक्सपर्यंत जातो.

## क्लचला हातच लावला नव्हता, तरी?

इंजिनाचं माउंटिंग बदललं असेल तर इंजिन बसण्याची जागा किंचित हलते. दांडा बॉडीला आणि गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेला, त्यामुळे मधल्या केबलवर किंवा रॉडवर ताण येतो. रेस देताच किंवा सोडताच गिअर सुटत असेल तर आधी माउंटिंगचे बोल्ट पाहा. म्युझिक सिस्टिम बसवताना मधलं कन्सोल उघडलं असेल, तर दांड्याचं रबर नीट बसलंय का आणि वायरचा गुंता दांड्याला आडवा येतो का ते बघा.

## क्लचचं पेडलच नसेल तर

२०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि एएमटी ही भानगड स्वस्त गाड्यांत पोहोचली. त्या पिढीच्या गाड्या आता सेकंडहँड होऊन खेड्यापाड्यांत फिरताहेत. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त पाय आणि हाताचं काम करायला मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा बसवलेली, आणि तिला हुकूम देणारा एक छोटा कॉम्प्युटर.

या कॉम्प्युटरने जुन्या प्लेटची पकड कुठे धरते आणि कुठे सुटते हे लक्षात ठेवलेलं असतं. प्लेट नवी टाकली की ते जुनं माप चुकीचं ठरतं. स्कॅनर लावून त्याला नवं माप शिकवावं लागतं. हे न करता गाडी दिली तर ती झटके मारते, गिअर उशिरा टाकते किंवा न्यूट्रलवर अडून बसते. तेव्हा एएमटीचा क्लच बदलायला देण्याआधी एकच प्रश्न विचारा: शिकवणीचा स्कॅनर आहे का? नसेल तर काम दुसरीकडे.

दुसरी गंमत ब्रेकच्या स्विचची. एएमटी असो की पूर्ण ऑटोमॅटिक, ब्रेक दाबल्याची खूण मिळाल्याशिवाय कॉम्प्युटर उभ्या गाडीला गिअरमध्ये जाऊ देत नाही. ही खूण पेडलजवळच्या स्विचमधून येते, तोच स्विच मागचे लाल दिवे लावतो. पेडलखाली काम करताना त्याचा सॉकेट निघाला की गाडी जागची हलत नाही. कुणाला तरी मागे उभं करा, ब्रेक दाबा. लाल दिवे लागत नाहीत? मग गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी फ्यूज आणि स्विच बघा.

स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून एएमटीचे दोष बऱ्यापैकी कळतात. पण साध्या गिअरच्या गाडीत क्लच सुटतोय की नाही हे स्कॅनर सांगत नाही. तिथे वरची रिव्हर्सची परीक्षाच खरी.

## मिस्त्री म्हणतो, "हे आधीपासूनच होतं"

असू शकतं. म्हणून गाडी देण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारावी, सगळे गिअर त्याच्यासमोर टाकून दाखवावेत आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. काम झाल्यावर जुनी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग परत मागावीत, नव्या पार्टांचे खोके पाहावेत. गाडी ताब्यात घेताना पुन्हा चक्कर. त्रास परत आल्यावर भांडत जाण्यापेक्षा आपण केलेल्या परीक्षा सांगाव्यात: "भाऊ, गाडी बंद असली की सगळे गिअर मऊ पडतात, चालू केली की रिव्हर्स खरखरते, अन् पेडल तीनदा मारलं की पडते." हे ऐकल्यावर कुठलाही जाणता मिस्त्री गिअरबॉक्स खोलायला धावत नाही, आधी एअर काढायला घेतो.

पक्कं बिल घ्या. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या नजरेत सेवा आहे आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत, जाऊही नयेत. पण बिल नसेल तर बोलणंच खुंटतं.

## वाटेतच अडलो तर

क्लच अजिबात सुटेनासा झाला आणि गाडी आडरस्त्यावर अडली, तर पुढे मोकळी जागा पाहून, बंद गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टार्टर मारला की साधी गाडी हळूहळू चालू पडते. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर न घेणाऱ्या गाड्यांत पेडल दाबूनच ठेवायचं, क्लच सुटतच नसल्याने गाडी तरीही ओढते. हा उपाय गाडी रस्त्याच्या कडेला घेण्यापुरता किंवा फार तर जवळच्या गावापर्यंत. थांबताना इंजिन बंद करूनच थांबावं लागतं, त्यामुळे बाजाराच्या दिवशी गर्दीतून असं जाणं नको.

टोचन करायचं असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये येते का ते आधी पाहा. गिअरमध्ये अडकलेली एएमटी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर चाकं गिअरबॉक्सला आणि इंजिनालाही फिरवू पाहतात, नुकसान वाढतं. तिची पुढची चाकं उचलूनच न्यायची. बोलेरोसारखी मागच्या चाकांची गाडी गिअरमध्ये अडकली असेल तर मागची चाकं उचला, किंवा गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा खालचा प्रोपेलर शाफ्ट एक्सलपासून सोडा, वर बांधून ठेवा आणि मग ओढा. काढलेले त्याचे चार बोल्ट मात्र खिशात ठेवा, गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत तेच हरवतात.